चाळीस पुड्या

ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की कुलूपताई. स्टेशनरीची खोली बावीस वर्षं तिच्या ताब्यात होती, आणि संपलेली रिफिल समोर ठेवल्याशिवाय नवी रिफिल तिने खुद्द साहेबांनाही कधी दिली नव्हती. कुलूपताई हे नाव तिला ठाऊक होतं. त्याचा राग यायचं सोडून ती मनातल्या मनात खूशच असायची. तिच्या हिशेबी जगात दोनच जातीची माणसं होती, वस्तू जपणारी आणि वस्तूंची वाट लावणारी, आणि आपण कुठल्या बाजूला आहोत याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

घरीही तेच. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा लेकीने दिलेल्या वस्तूंचा होता. कपांचा सेट, मनगटी घड्याळ, लोकरीची शाल, आणि सगळ्यांच्या मागे ती बॅग. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली, नामांकित कंपनीची, अस्सल चामड्याची, मधाच्या रंगाची. बॅग घरी आली त्या दिवशी कुलूपताईने ती मांडीवर घेतली, वास घेतला, डोळे पुसले आणि चांगल्या प्रसंगाला काढू म्हणून ठेवून दिली. त्याला सहा वर्षं झाली. प्रसंग बरेच आले, पण बॅग काढावी इतका चांगला एकही वाटला नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीने ते कपाट उघडं पाहिलं होतं. "हे कपाट नाही आई, म्युझियम आहे," ती म्हणाली होती. "तुला मी दिलेलं काही आवडतच नाही. आता नाही आणणार मी काही." आणि पोरगी आईच्याच वळणावर गेलेली, बोलली ते तिने पाळलं. त्यानंतर दोन वाढदिवस नुसत्या फोनवर झाले. वस्तू मिळाली नाही याचं कुलूपताईला काही नव्हतं. 'आवडतच नाही' हे मात्र तिला लागलं होतं, आणि त्यावर आपण तेव्हा गप्प बसलो हे त्याहून जास्त.

आता लेकीचं स्वतःचं चष्म्याचं दुकान सुरू होत होतं, शनिवारी. रविवारी तिचा फोन आला. सगळं बोलून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की ती बॅग घेऊन येशील का, की दिलीस कुणाला.

"दिली कशाला? वापरते की मी," कुलूपताई म्हणाली.

थाप तोंडातून निघून गेली. मग लेक "खरंच?" म्हणाली ती अशा आवाजात, की थाप मागे घ्यायची सोय उरली नाही. फोन ठेवल्यावर तिने सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेपर आणखी वर धरला.

सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या तिने स्टूल घेतलं आणि बॅग खाली काढली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, त्यावर सुतळीची गाठ. आतून निघाल्या पांढऱ्या पुड्या. बुटांच्या खोक्यात, थर्मासमध्ये, औषधांच्या डब्यात येतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या. कुलूपताईने तशी एक पुडी आयुष्यात फेकून दिली नव्हती. बॅगेला बुरशी लागू नये म्हणून तिने तिच्या पोटात चाळीस पुड्या भरल्या होत्या, आणि एवढ्यावर न थांबता दर उन्हाळ्यात त्या बाहेर काढून, कडक उन्हात तापवून, मोजून परत आत ठेवल्या होत्या. बुरशी म्हणाल तर एक ठिपका नव्हता. पण बॅग हाताला लागली ती लाकडासारखी. झाकण उचललं तर कर्र असं वाजलं, आणि घडीवर पांढरट रेघांचं जाळं उमटलं. हँडल वाकवावं तर ते वाकेना.

नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याच्या मते जगातल्या कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एकच इलाज होता.

"ग्रीस लाव," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ठेवायला उठला.

मंगळवारी ऑफिसात विषय काढायची चूक तिने केली. झालं, जो तो तज्ज्ञ. टायपिस्ट म्हणाली खोबरेल चोळा, हिशेबनीस म्हणाला केळ्याच्या सालीने पुसा, आणि जिला ती वर्षानुवर्षं एक जादा टाचणी देत नव्हती ती टेलिफोनवाली म्हणाली, "मॅडम, नवीनच घ्या ना." कुलूपताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत ती सोबत आणलेली बॅग घेऊन थेट बाजारातल्या जिन्याखाली बसणाऱ्या बॅगवाल्याकडे गेली.

बॅगवाला साठीचा, कमी बोलणारा. त्याने बॅग उलटसुलट केली, हँडल कानाशी धरून हलकेच दाबलं, आत हात घालून तळ चाचपला.

"ताई, हिला वाळवायला कुणी ठेवलं होतं?" त्याने विचारलं.

वाळवायला नाही, जपायला ठेवली होती, असं ती फणकाऱ्याने म्हणाली आणि तिने पुड्यांची हकीकत सांगितली. उन्हात तापवायचा भाग तर जरा अभिमानानेच सांगितला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, की चामड्याच्या अंगात थोडं तेल आणि थोडी ओल असावी लागते, त्यावर ते लवतं. ह्या पुड्यांचं कामच ओल पिण्याचं. प्लॅस्टिकमध्ये कोंडून चाळीस पुड्या तिच्या पोटात बसवल्या, त्या पीत राहिल्या. आणि पिऊन पिऊन थकल्या की तुम्ही त्यांना उन्हात ताज्या करून परत बसवत होता. रोज वापरली असती तर हाताचं तेल लागून ती आपली आपण मऊ राहिली असती, हेही तो म्हणाला, पण तोवर कुलूपताईने मान दुसरीकडे वळवली होती.

इलाज त्याने सांगितला तो सोपा होता, म्हणूनच छळणारा. ओलसर फडक्याने पुसून सावलीत सुकू द्यायची. मग चामड्याचं क्रीम, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, मऊ कापडाने गोल गोल चोळायचं. एक दिवस तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. असे पाच-सहा हात. जोराने वाकवायची नाही, ऊन दाखवायचं नाही, घाई करायची नाही. त्याने क्रीमची डबी दिली आणि शेवटचं परत एकदा सांगितलं. शनिवारपर्यंत होईल का, तिने विचारलं.

"चामड्याला शनिवार कळत नाही, ताई."

मंगळवारी संध्याकाळी तिने पहिला हात दिला. बुधवारी सकाळी उठून पाहते तर बॅग जशीच्या तशी. बुधवारी दुसरा हात दिला. गुरुवारी सकाळी तिने झाकण उचललं, पुन्हा कर्र. बावीस वर्षं लोकांना थांबायला लावलेल्या बाईला दोन दिवस थांबणं जड गेलं. तिला बॅगवाल्याचा राग आला, बॅगेच्या कंपनीचा आला, असल्या नाजूक वस्तू आणणाऱ्या लेकीचा आला आणि आंघोळीत गाणं म्हणणाऱ्या नवऱ्याचा तर उगाचच आला. तिने डबीत तीन बोटं घातली, झाकणावर आणि हँडलवर थापली, आणि लवकर मुरावं म्हणून बॅग खिडकीच्या गजांना उन्हात टांगून ऑफिसला निघून गेली.

संध्याकाळी आली तेव्हा झाकणावर ओबडधोबड डाग पडला होता, चहा सांडल्यासारखा. हँडल तर मधोमध काळपट पडलं होतं, जिथे हाताने धरतात तिथेच, आणि हाताला चिकटत होतं. तिने डोक्याला हात लावला. नवऱ्याने पाहिलं, ग्रीसचं नाव काढण्यासाठी तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं.

शुक्रवारी बॅगवाल्याने बॅग बघितली, डागावरून नख फिरवून पाहिलं. शेवटी म्हणाला, "घाई करू नका, हे दोनदा सांगितलं होतं मी." जादा क्रीम त्याने पुसून काढलं, चिकटपणा घालवला, पण डाग बसले ते बसले, असं त्याने स्पष्ट सांगितलं. हँडल तेवढं नरम झालं होतं. आता काही लावू नका, नुसती हातात घेऊन फिरा, हाताची ऊब मिळू द्या, म्हणाला.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कुलूपताई बॅग कोपरात अडकवून घरभर फिरली. बॅगेसकट तिने कणीक मळली, कपड्यांच्या घड्या केल्या, शेजारणीला दार उघडलं. "निघालात कुठे एवढ्या तयारीने?" नवऱ्याने विचारलं. ती हसली नाही. सहा वर्षं जपलेली वस्तू चार दिवसांत आपल्याच हाताने खराब केली, आणि आता हे सोंग. तिला रडू येत होतं आणि ते रागाच्या तोंडाने बाहेर पडत होतं, त्यामुळे तो बिचारा दोनदा विनाकारण बोलणी खाऊन गेला.

शनिवारी दुकानात गर्दी होती. लेक काउंटरमागून धावत आली आणि तिची नजर आधी बॅगेवर गेली. तिने काळपटलेल्या हँडलवरून अंगठा फिरवला.

"अगं, केवढी वापरलीस," ती म्हणाली.

तिचा चेहरा असा उजळला, की कुलूपताईला तिच्याकडे बघवेना. लेकीने दोन मैत्रिणींना हाक मारली, आईने माझ्या पहिल्या पगाराची बॅग वापरून वापरून कशी काळी केली बघा, म्हणून कौतुकाने डाग दाखवले. नवरा खोकला आणि काचेच्या कपाटातल्या फ्रेमा बारकाईने बघू लागला. कुलूपताईने हँडल मुठीत झाकून घेतलं. ज्या डागापायी आठवडाभर जीव गेला तोच तिला वाचवत होता. हे सुख तिला घेता येईना आणि सोडवेनाही.

तासाभराने एका गिऱ्हाइकाची पावती करताना लेकीचं पेन अडलं. आईकडे पेन असणारच, म्हणून तिने हक्काने बॅग ओढली आणि उघडली. आत एक रुमाल, घराची किल्ली, बस. सहा वर्षं वापरलेल्या बॅगेचं अस्तर नव्या कोऱ्या कापडासारखं. लेकीचा हात जरा थांबला. मग तिने आतला छोटा चेनचा कप्पा उघडला, आणि त्यातून कंपनीच्या नावाची, बॅगेच्याच रंगाच्या पातळ कागदात गुंडाळलेली एक पांढरी पुडी निघाली. बॅगेसोबत कंपनीकडूनच आलेली. चाळीस पुड्या दर वर्षी मोजताना ही कुलूपताईच्या मोजणीत कधी आलीच नव्हती, कारण तो कप्पा तिने कधी उघडलाच नव्हता.

लेकीने पुडी काउंटरवर ठेवली. गिऱ्हाइकाला हसून दुसऱ्या पेनाने पावती दिली, ते गेल्यावर आईकडे पाहिलं.

"कपाटात होती," कुलूपताई म्हणाली. "सहाही वर्षं. डाग गुरुवारचे आहेत."

"मग फोनवर खोटं कशाला बोललीस?"

"तुला वाटतं, मला आवडली नाही. आवडली म्हणूनच ठेवली ना. तुझ्या पहिल्या पगाराची वस्तू, ती काय भाजीच्या पिशवीसारखी वापरायची? खराब झाली असती."

"झालीच ना," लेक म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यानंतर कुलूपताई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली. नवऱ्याने पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं. बॅग मांडीवर होती आणि तिचा हात आपोआप हँडलवर फिरत होता.

दुकान बंद करायची वेळ झाली. लेकीने दिवे मालवले, आपला पसारा गोळा केला आणि ती आईसमोर येऊन उभी राहिली. तिने बॅगेचं झाकण उघडलं. ते थोडं करकरलं. त्यात तिने दुकानाच्या जादा किल्ल्यांचा जुडगा टाकला, स्क्रू-ड्रायव्हरची पेटी टाकली, अर्धी प्यालेली पाण्याची बाटली टाकली, आणि वर आपला दुपारचा जेवणाचा डबा, न धुतलेला, ठेवून दिला.

"घरी ने. सोमवारी येताना घेऊन ये. ह्याच बॅगेतून," ती म्हणाली.

डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, कडेला तेलाची एक रेघ लकाकत होती. ते कुलूपताईला पहिल्याच नजरेत दिसलं. डबा पिशवीत गुंडाळून ठेव, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. लेक तिच्या तोंडाकडेच बघत होती.

कुलूपताईने वाक्य गिळलं, बॅग उचलली आणि खांद्याला लावली. बरीच जड झाली होती. काउंटरवर ती पांढरी पुडी अजून पडलेली होती, आणि ती तशीच ठेवून कुलूपताई नवऱ्यामागोमाग बाहेर पडली.