उल्हास बोकिलांची मॅग्नम

उल्हास बोकिलांनी पहिली बंदूक विकत घेतली तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. तोवर त्यांनी मारलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे बेसमेंटमधला उंदीर. तोही सापळ्याने, आणि सापळा बायकोने, नीरजाने लावलेला.

कॅनडात, हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात ते कॉम्प्युटर विभागात होते. दर नोव्हेंबरात लंचरूममध्ये हरणांच्या गोष्टी निघत आणि बोकील डब्यातली पोळीभाजी खात गप्प बसत. बारा वर्षं गप्प बसल्यावर २००६ साली त्यांनी ठरवलं, की आता आपणही कॅनेडियन व्हायचं. लायसन्सचा कोर्स केला. घरात हत्यार येणार तर आपल्यालाही ते कळायला हवं, म्हणून नीरजाही कोर्सला बसली. तिला मार्क जास्त पडले, हे बोकील कुणाला सांगत नसत.

बंदूक कोणती घ्यायची यावर त्यांनी चार महिने इंटरनेट वाचलं आणि शेवटी थ्री-हंड्रेड मॅग्नम घेतली. तिचं काडतूस मधल्या बोटापेक्षा लांब. दुकानदाराने विचारलं, मारायचं काय आहे? बोकील म्हणाले, हरीण. दुकानदार म्हणाला, मग याहून बरंच लहान पुरेल. त्यावर बोकिलांनी त्यालाच वीस मिनिटं गोळीचा वेग आणि ऊर्जा समजावून सांगितली. दुकानदाराचा धंदा विकण्याचा होता. त्याने विकली.

नीरजाने स्वतःसाठी टू-फोर्टी-थ्री घेतली. हलकी, धक्का कमी, गोळी पेन्सिलीपेक्षा बारीक. बोकिलांनी ते काडतूस चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "याने हरणाला गुदगुल्या होतील."

शूटिंग रेंजवर पहिल्याच बाराला मॅग्नमवरची नेमाची दुर्बीण मागे येऊन बोकिलांच्या भुवईवर आदळली. चार टाके पडले आणि डोळ्याभोवती काळं कडं उमटलं. मराठी मंडळात त्यांनी किचनच्या कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं. मुलगी चैत्राली म्हणाली, "डॅड, यू लुक लाइक अ रॅकून." खांदा आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता. नीरजा त्यावर आंबेहळद लावी. तिने स्वतः त्या दिवशी चाळीस गोळ्या झाडल्या होत्या. शेवटच्या दहा आमटीच्या वाटीएवढ्या जागेत लागल्या, तेव्हा बोकील म्हणाले, कागदाचं काय, कागद पळत नाही.

शिकारीचं आमंत्रण आलं राल्फ पेणकरांकडून. राल्फकाका म्हणजे रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, कोकणातले मराठी ज्यू. स्टील प्लँटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले, अडुसष्ट वर्षांचे, बोलायला कमी. पॅरी साउंडच्या वर जंगलात त्यांची दोन खोल्यांची केबिन होती. तिघं एका रविवारी तिथे पोचले. वाटेतले साडेतीन तास बोकील मॅग्नमबद्दल बोलत होते. राल्फकाका ड्राइव्ह करत होते, त्यामुळे त्यांना उतरता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी बोकिलांसमोर पन्नास पावलांवर हरीण आलं. बार झाला आणि हरीण निघून गेलं. बोकील म्हणाले, वारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं आलं. या वेळी गोळी एका बर्चच्या झाडाला बुंध्याशी, वीतभर उंचीवर लागली. बोकील म्हणाले, दुर्बीण हललेली दिसते, कंपनीला पत्र लिहिलं पाहिजे. नीरजा दोन्ही दिवस एका ओंडक्यामागे बसून होती. तिला एक नर दिसला होता, पण तो पाठमोरा होता. तो वळेल म्हणून ती थांबली आणि तो न वळताच झाडीत गेला. बोकिलांनी तिला समजावलं, की मॅग्नम असती तर असं थांबावं लागलं नसतं.

दुपारी राल्फकाकांनी डब्याचं झाकण एका फांदीला टांगलं. बोकिलांची रायफल मागून घेतली, शंभर पावलांवरून एक बार काढला. झाकणाच्या मधोमध भोक पडलं.

"दुर्बीण ठीक आहे," ते म्हणाले. "आता तू मार. थांब, मी भरून देतो."

त्यांनी पाठ फिरवून काडतूस भरायचा बोल्ट मागेपुढे केला आणि रायफल बोकिलांच्या हातात दिली. बोकिलांनी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. पण बोकिलांचे डोळे गच्च मिटले होते, दात आवळलेले, खांदा कानापर्यंत चढलेला, आणि नळीचं तोंड हातभर खाली गेलं होतं. न झालेल्या बाराचा धक्का ते पुरता खाऊन उभे होते.

"काडतूस फुसकं निघालं," बोकील म्हणाले.

राल्फकाकांनी बोल्ट उघडून दाखवला. आत काहीच नव्हतं.

"काडतूस नव्हतंच, उल्हास. मग तू हिसका कुणाला दिलास?"

नीरजा स्टोव्हवरच्या चहाकडे पाहत राहिली. चहा केव्हाच उकळून झाला होता. बोकिलांना ऊर्जेचे आकडे सगळे पाठ होते, पण त्यातला एकही इथे उपयोगाचा नव्हता.

राल्फकाका त्यांच्या शेजारी बसले. "मीही भितो हिला," ते म्हणाले. "म्हणून मी घेतली नाही. हरणाला तुझ्या बंदुकीचं नाव कळत नाही रे. गोळी छातीत, पुढच्या पायाच्या मागे लागली की झालं. लहान गोळीने काम होतं, फक्त जवळ येऊ द्यावं लागतं आणि आडवं होऊ द्यावं लागतं. थांबायला यायला हवं."

तिसऱ्या दिवशी नीरजाने आपली रायफल आणि आपला ओंडका दोन्ही नवऱ्याला दिले. बोकिलांनी खूप आढेवेढे घेतले, मग घेतली. आठच्या सुमारास तो नर आला. या वेळी तो साठ पावलांवर आडवा उभा राहिला. रायफलने खांद्याला जेमतेम ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा बार होताना बोकिलांचे डोळे उघडे होते, त्यामुळे त्यांना सगळं दिसलं. हरीण उसळलं, तीसेक पावलं धावलं आणि पडलं.

त्यांना वाटलं होतं, आपण ओरडू. ते खाली बसले. जवळ जाऊन त्यांनी हरणाच्या मानेवर तळवा ठेवला. ते अजून ऊबदार होतं, नाकावर दहिवर होतं. एवढं मोठं जिवंत जनावर आणि एवढीशी गोळी, हे त्यांच्या डोक्यात बसेना. दोन मिनिटं बोकील खरोखर लहान झाले होते. त्या दोन मिनिटांत कुणी त्यांना काही विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

मग राल्फकाका आणि नीरजा आले आणि नीरजाच्या गळ्यात कॅमेरा होता.

बोकील उठले, गुडघे झटकले आणि नारिंगी जाकीट नीट केलं. "नीरजा," ते म्हणाले, "केबिनमधून माझी रायफल जरा आणतेस?"

जायला-यायला अर्धा तास लागला. फोटोत मॅग्नम हरणाच्या शिंगांवर तिरपी टेकवलेली आहे आणि बोकील दूर क्षितिजाकडे पाहत आहेत. राल्फकाकांनी फोटोत यायला नकार दिला. ते बाह्या सरसावून हरीण साफ करायला बसले होते. मांसही त्यांनी घेतलं नाही. बंदुकीने मारलेलं आमच्यात चालत नाही, म्हणाले. मग येता कशाला, असं बोकिलांनी विचारलं. बसायला, ते म्हणाले.

डिसेंबरात बोकिलांच्या बेसमेंटमध्ये पार्टी झाली. फोटो फ्रेम करून टीव्हीवर लावला होता. अंतर तोवर दोनशे पावलांवर गेलं होतं आणि वाराही सुटला होता. पुण्याहून नुकताच आलेला संजय हातात प्लेट घेऊन ऐकत होता. कोणती बंदूक घ्यावी, असं त्याने विचारलं, तेव्हा बोकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅग्नमच घे, लहान काडतूस बायकांना ठीक आहे. नीरजा तिथेच उभी होती. तिने संजयला आणखी भात हवा का विचारलं.

पुढच्या नोव्हेंबरात सामान भरताना बोकिलांनी टू-फोर्टी-थ्री गुपचूप आपल्या पेटीत ठेवली. नीरजाने ती बाहेर काढली.

"ही माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "तू तुझी घे. तिच्याबद्दल तू किती छान बोलतोस."

केबिनवर पोचताच बोकिलांची कंबर धरली. चारही दिवस ते शेकोटीजवळ बसून होते आणि नीरजाला कुठे बसावं, कसं बसावं याच्या सूचना करत होते. ती तीन दिवस ओंडक्यामागे थांबली आणि चौथ्या दिवशी एकच गोळी झाडली. फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी परतल्यावर तिने हरणाचा रस्सा केला. मांस थोडं चिवट झालंय, असं बोकील म्हणाले आणि तीन वेळा वाढून घेतलं.