सासूबाईंच्या गादीखालची वायर

जावई धंद्याने इलेक्ट्रिशियन, पण सासूबाईंच्या लेखी बिनकामाचा. घरात जिकडेतिकडे वायरी लोंबकळायच्या आणि त्या म्हणायच्या, "हे घर आहे की कोळ्याचं जाळं?" शेवटी गड्याने मनावर घेतलं. बायकोच्या शिवणाच्या टेबलाकडे वीज नेणारी जाडजूड वायर त्याने काढून टाकली आणि तिच्या जागी टेलिफोनची बारीक वायर भिंतीच्या कडेने अख्ख्या खोलीला वळसा घालून नेली. उरलेलं वेटोळं न कापताच सासूबाईंच्या गादीखाली सरकवलं. कुठे म्हणून काही दिसेना!

दुसऱ्या दिवशी बायकोची इस्त्री रुसली. ओल्या फडक्यावर टेकवली की लगेच गार. तिने शिवलेला पहिलावहिला कोट समोर चुरगळून पडलेला आणि गिऱ्हाईक संध्याकाळी दारात येणार.

"अहो, बघा ना काहीतरी! हा कोट फसला तर पुन्हा कोण देणार मला काम?" तिचे डोळे भरून आले.

इस्त्री काढून त्याने मीटर लावला, तर विजेचा दाब पूर्ण. इस्त्री उघडली, तर आत सगळं ठणठणीत. परत जोडली, तर ढिम्म. आता काय करावं कपाळ!

"जावईबापू," गादीवरून सासूबाई म्हणाल्या, "आज गुडघे काय मोकळे झालेत हो! खालून कशी छान ऊब येतेय."

लग्न झाल्यापासूनचं हे पहिलं कौतुक. तो क्षणभर सुखावला आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. ऊब? अरे गाढवा! वायर बारीक, त्यात लांबलचक, म्हणजे विजेला होणारा रोध वाढला. इस्त्री काढली की प्रवाहच नाही, मग दाब वाटेत कशाला घटेल? म्हणून मीटर खुशाल पूर्ण दाखवतोय. इस्त्री लावली की तोच दाब वायर गिळते आणि तापते स्वतःच.

"आई, उठा!"

"का म्हणून? आत्ता कुठे बरं वाटतंय."

"पाया पडतो तुमच्या, उठा! गादी पेटेल!"

सासूबाई गुडघे विसरून टुणकन उठल्या. त्याने प्लग उपटला आणि जुनी जाड वायर खोलीच्या मधोमध, डोक्यावरून सरळ टेबलापर्यंत ताणली. थोड्याच वेळात फडक्यातून चर्रर्र करत वाफ निघाली. गिऱ्हाईक आलं ते कोट अंगात घालूनच परत गेलं.

सासूबाई लोंबकळत्या वायरीकडे बघत होत्या. जावई मान खाली घालून पुन्हा 'कोळ्याचं जाळं' ऐकायची वाट बघत राहिला.

"राहू दे ती तिथेच," त्या लेकीला म्हणाल्या. "हुशार आहे गं तुझा नवरा. फक्त डोकं चालायला कुणाला तरी वायरीवर बसावं लागतं."