तुम्हाला एकट्यालाच झालंय

या, असे जवळ सरकून बसा. मोठ्या माणसांच्या कथा आपण नेहमीच ऐकतो. आज एका साध्या नर्सबाईची सांगतो. गल्ली तिला 'साखरमीठबाई' म्हणायची, कारण जुलाब झालेला माणूस दिसला की ही साखर-मिठाचं पाणी घेऊन त्याच्या मागे लागलीच!

त्या सकाळी ती शिंपीकाकांच्या दारात वैतागून उभी होती. पडद्याआड काकू निपचित पडल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. काका मात्र मशीनवर.

"काका, यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"अहो सिस्टर, साथ आहे. सगळ्यांनाच होतंय. जाईल दोन दिवसांत."

"साथ आहे म्हणूनच सांगतेय ना!"

"तेच म्हणतोय मी. साथच आहे, दुसरं काही नाही."

आतून काकूंचा क्षीण आवाज आला, "राहू द्या हो बाई. माझ्यासाठी कशाला एवढी धावपळ?"

बाईने कपाळावर हात मारला. घरोघरी हीच रड. ज्या शब्दाने झोप उडावी, तोच उशाला घेऊन अख्खी गल्ली निवांत पडली होती. सर्दीची साथ, लग्नांची साथ, दांड्या मारण्याची साथ! वापरून वापरून शब्द पार गुळगुळीत झालेला. सगळ्यांना झालं म्हणजे कुणालाच काही झालं नाही, असा यांचा हिशेब.

काकूंना घोट घोट पाणी पाजून, काकांना चार शब्द सुनावून ती पुढच्या घरी गेली. तिथे वायरमन पोट धरून आडवा.

"सिस्टर, साथ आहे ना, म्हणून—"

"कसली साथ नि कसलं काय!" ती कडाडली. "गल्लीत कुणाला काही नाही. तुम्हाला एकट्यालाच झालंय!"

वायरमन ताडकन उठून बसला. "एकट्यालाच? अगं ए, माझी चप्पल कुठंय?"

देवा रे, एवढं सोपं होतं! त्याला रिक्षात घालून, वाटेतल्या दोन-तीन दारांत तेच खोटं ठणकावून ती धापा टाकत शिंपीकाकांकडे परतली.

"काका, काकूंना एकटीलाच झालंय!"

मशीन थांबलं. काकांनी बायकोला स्वतः उचललं. पण अंगातलं पाणी तोवर फार आटलं होतं. सलाइनसाठी शीर सापडेपर्यंत काकू गेल्या.

बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात गल्लीने एकमेकांना ओळखलं होतं.

"अहो, तुम्हीपण? मला तर म्हणाली, एकट्यालाच!"

"मलाही! धडधडीत खोटं! तक्रारच करतो हिची!"

"करा, करा," बाई डोळे पुसत खेकसली. "आधी तो ग्लास संपवा, मग अर्ज लिहा!"

तेवढ्यात शिंपीकाका खोलीतून बाहेर आले. सलाइनचे स्टँड कमी पडले होते. वायरमनची बायको बाटली उंच धरून उभी होती, तिचा हात भरून आला होता. काकांनी बाटली आपल्या हातात घेतली.

"काका, बसा ना जरा," बाई म्हणाली.

"राहू दे, पोरी. ही संपेपर्यंत उभा राहतो."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा सगळ्यांसाठी मागालच, जरूर मागा. पण त्या शिंपीणकाकूंसाठी एक क्षण वेगळा काढा. त्यांच्या एकटीसाठी.