सावरखेडच्या शाळेचा सहावा अर्ज

पाचवा अर्ज परत आला त्या दिवशी कमलाकांतपंतोजींनी तो कागद दोन्ही हातांनी धरून कपाळावर आपटून घेतला. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई चुलीपुढून म्हणाल्या, "कपाळ फुटेल, कागद फाटणार नाही. सरकारी कागद जाड असतो."

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणतात, पण इथे वर्ष उलटून गेलं होतं आणि पंतोजी होते तिथेच होते, म्हणजे निंबाच्या झाडाखाली.

गोष्ट मोठी नव्हती. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीवाटेवर सावरखेड नावाचं गाव. गावात मारुतीच्या देवळाला लागून चांगली दगडी धर्मशाळा. तिच्यात पंतोजींची शाळा भरायची. बत्तीस पोरं होती. मग तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत पागोट्याला ठिगळ लावणारा माणूस बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवू लागला. कापूस ठेवायला जागा पुरेना. घरं भरली, गोठे भरले. मग एका सकाळी पंतोजी शाळा उघडायला गेले तर धर्मशाळेच्या आढ्यापर्यंत रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, मोठाले बोरे रचलेले. पोरांच्या पाट्या कोण्या भल्या माणसाने देवळाच्या पायरीवर ठेवल्या होत्या, तेवढे उपकार.

बोरे होते गोवर्धनशेठचे. तो गावाचा सगळा कापूस खरेदी करायचा, म्हणून गावच्या महादेवराव पाटलांनी त्याला धर्मशाळेचा शब्द दिला होता. रुई गेली की सरकी यायची, सरकी हलली की पुन्हा दिवाळीनंतर रुई. धर्मशाळा काही रिकामी व्हायची नाही. पंतोजी उन्हाळ्यात निंबाखाली बसले, पावसाळ्यात आपल्या घराच्या ओसरीवर. ओसरीत अकरा पोरं मावत. बाकीची रानात गेली, कापूस वेचायला. तिकडे कोणी पाढे विचारत नाही.

वर गोवर्धनशेठ येता-जाता म्हणायचा, "पंतोजी, कशाला जीव काढता? माझ्याकडे लिहायला बसा. हस्ताक्षर मोत्यासारखं आहे तुमचं. दुप्पट देतो." पंतोजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं. गुढीपाडव्यापर्यंत शाळेला छप्पर मिळालं तर ठीक. नाही तर पाट्या देवळात ठेवायच्या आणि शेठच्या गादीवर जाऊन बोऱ्यांवर नंबर घालत बसायचं. या विचाराने त्यांना रात्ररात्र झोप येत नसे.

अशात कळलं की गावाने दगड आणि लाकूड द्यायचं कबूल केलं तर शाळेच्या इमारतीला सरकार बाकीची मदत देतं. पंतोजींनी त्याच दिवशी सुरेख मोडीत अर्ज लिहिला. वर 'श्री', खाली साष्टांग नमस्कार. तो परत आला: अर्ज ठराविक नमुन्यात करावा. नमुना कुठे मिळतो? अकोल्याला. अकोल्याला जायचं कसं? गावातली एकूण एक गाडी कापसाला लागलेली. पंतोजी बोऱ्यांच्या माथ्यावर बसून बारा कोस गेले. कचेरीत पोहोचले तेव्हा धोतर, दाढी, शेंडी सगळ्याला रुई चिकटलेली. कारकून म्हणाला, "नमुने संपले. अमरावतीहून यायचेत." पंतोजी तसेच अमरावतीला. तिथला कारकून म्हणाला, "अकोला जिल्ह्याचे नमुने अकोल्यालाच मिळतील." पुन्हा बोऱ्यावर.

नमुना हाती आला तर त्यात शाळेच्या पंचांची नावं मागितलेली. पाच नावं, एकाखाली एक. झालं! महादेवराव पाटील आणि नत्थुजी देशमुख यांच्यात वर कोण यावरून असं जुंपलं की पंधरा दिवस दोन्ही आळ्यांतल्या बायका विहिरीवर एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी पंतोजींनी डोकं चालवलं आणि पाचही नावं गोल लिहिली, म्हणजे ना कोणी वर, ना कोणी खाली. गाव खूश. अर्ज परत: मुख्य पंच कोण याचा बोध होत नाही.

मग पोरांची वयं. आयाबायांना विचारलं तर उत्तर एकच, "मोठ्या गारपिटीत झाला." पंतोजींनी हिशेब करून पाहिला तर एकाच गारपिटीत गावात एकोणीस पोरं जन्मलेली. त्यांतलं एक सहा वर्षांचं दिसे आणि एकाला मिसरूड फुटलेली. तसंच लिहून दिलं, काय करणार? तोही अर्ज परत. चौथा आणि पाचवा अर्ज कशासाठी परत आले हे सांगून वाचकाचं डोकं उठवण्यात अर्थ नाही. पंतोजींचं उठलं तेवढं पुरे.

सहावा अर्ज मात्र परत आला नाही. पौषात उत्तर आलं: शाळेची गरज समक्ष पाहून खात्री करण्यासाठी डेप्युटीसाहेब अमुक तिथीला येतील.

पंतोजी धावत चावडीवर गेले. महादेवराव पाटील तिथे पान लावत बसले होते. माणूस दिलदार होता, पोटात पाप नव्हतं, पण गावाच्या अब्रूपुढे त्याला दुसरं काही दिसायचं नाही.

"पाटील, नीट ऐका," पंतोजी म्हणाले. "साहेब येणार ते आपली अडचण बघायला. पोरं निंबाखाली बसलेली दिसली पाहिजेत. धर्मशाळेतला कापूस दिसला पाहिजे. आणि तुम्ही साहेबांपुढे थोडं रडायचं."

पाटलाच्या हातातलं पान तसंच राहिलं. "रडाचं? महादेवराव पाटलानं?"

"थोडं. शाळेसाठी."

"पंतोजी, तुमी मले काय सांगून राहिले? सरकारचा मानूस गावात येते, अन् आमची पोरं भिकाऱ्यावानी झाडाखाली बसलेली दाखवू? चार गावात सांगन ना तो! सावरखेडची इज्जत काय राह्यली मंग?"

"इज्जत राहू द्या, छप्पर मिळेल."

"तुमी काहून फिकर करता? म्या पायतो समदं," पाटील म्हणाले, आणि पंतोजींना वाटलं, पटलं याला. तिथेच चुकलं.

ठरल्या दिवशी सकाळी पंतोजी अंघोळ करून बाहेर पडले तर धर्मशाळेपुढे जत्रा. चाळीस गाड्या लावून पाटलाने सगळा कापूस पहाटेच गावाबाहेर मळ्यात हलवला होता. गोवर्धनशेठ एका गाडीमागे डोक्याला हात लावून चालला होता. धर्मशाळेच्या भिंतींना चुना झालेला, अजून ओला. खाली गालिचे. दाराला आंब्याचं तोरण. आणि आत पोरं ओळीने बसलेली. बत्तीस नव्हे, साठ! डोक्याला तेल, अंगात लग्नातले अंगरखे. निम्म्यांना पंतोजींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या गावाहून आणली होती.

"पाटील!" पंतोजींचा आवाज फाटला. "हे काय केलंत?"

"कसं दिसून राह्यलं?" पाटील खुशीत म्हणाले.

कापूस परत आणायला वेळच नव्हता. वेशीवर सनई वाजू लागली होती. साहेबांची दमणी ओढायला पाटलाने आपली जोडी पाठवली होती, शिंगांना चांदी, गळ्यात घुंगरमाळा. डेप्युटीसाहेब पुण्याकडचे, लाल पगडी, उपरणं, शिस्तीचा माणूस. ब्राह्मण असल्यामुळे त्यांचा स्वयंपाक पंतोजींच्याच घरी आला. पाटलाच्या घरून तुपाची घागर आली, गूळ आला, केशर आलं, आणि गोदावरीबाईंनी दात-ओठ खात पुरणाच्या पोळ्या लाटल्या. ज्या घरात आठवड्यातून चारदा ज्वारीची भाकरी आणि ठेचा होई, त्या घरात साहेब तुपात बुडालेली तिसरी पोळी खाऊन म्हणाले, "पंतोजींचं बरं चाललेलं दिसतं."

जेवणानंतर साहेबांनी धर्मशाळा पाहिली. भिंतीवर हात फिरवला, हाताला चुना लागला, तो उपरण्याला पुसला. "इमारत सुरेख आहे," ते म्हणाले. "पाटील, शाळेला कमी काय आहे?"

सगळं गाव पाटलाच्या तोंडाकडे बघत होतं. वर्षभराचे सहा अर्ज, बोऱ्यावरचा तो प्रवास, सगळं या एका उत्तरावर अडलं होतं. पंतोजींनी डोळ्यांनी अगदी काकुळतीला येऊन विनवलं.

पाटलांनी छाती काढली. "काईच नाई साहेब. देवाच्या दयेनं समदं हाये."

"पण मदतीचा अर्ज..."

"साहेब," पंतोजी पुढे झाले, "एरवी इथे..." आणि थांबले. काय बोलणार? एरवी इथे कापूस असतो आणि पाटील खोटं बोलतात, हे साऱ्या गावासमोर, परक्या माणसाला सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आमचे पंतोजी लाजरे हायेत," पाटील म्हणाले, आणि साहेबांच्या गळ्यात हार घातला.

दिवे लागायच्या आत कापूस परत धर्मशाळेत होता. गालिचे गेले, तेल लावलेली पोरं आपापल्या गावी गेली. पंतोजी घरी आले, उरलेल्या पोळ्यांकडे पाहिलं आणि अंथरुणावर पडले. पाटलाचा राग आला होता, पण त्याहून आपला स्वतःचा आला होता. एक वाक्य बोलता आलं नाही. बत्तीस पोरांना अक्षर शिकवणारा माणूस, आणि वेळेला एक वाक्य नाही.

माघात उत्तर आलं. पंतोजींनी ते वाचलं, गोदावरीबाईंपुढे फेकलं आणि पेटी उघडून कपडे भरू लागले. "पाडव्याची वाट कशाला बघायची? उद्याच जातो शेठकडे."

गोदावरीबाईंना पंतोजींनीच वाचायला शिकवलं होतं, रात्री पोरांच्या पाटीवर. आता त्यांनी हात पुसले, कागद दिव्याशी धरला आणि सावकाश, बोट फिरवत वाचलं: "'मौजे सावरखेड येथील शाळा समक्ष पाहिली. शाळेस चुन्याची, हवेशीर व प्रशस्त इमारत आहे. ग्रामस्थ सधन असून शाळेविषयी त्यांची कळकळ वाखाणण्यासारखी आहे. सबब मदतीचे प्रयोजन दिसत नाही. अर्ज नामंजूर. शाळा सदर इमारतीतच चालवावी. पुढील साली याच सुमारास पुन्हा तपासणी होईल.'"

"वाचलंय मी," पंतोजी म्हणाले.

"मीही वाचलं. यात लिहिलंय की धर्मशाळा शाळेची आहे."

"ते खोटं आहे."

"असेना. सही कोणाची आहे?"

पंतोजींच्या हातातलं धोतर पेटीत पडलं. मग ते कागद घेऊन तसेच, उपरणंही न घेता, चावडीवर गेले.

चावडीवर पाटील होते, नत्थुजी देशमुख होते, गोवर्धनशेठही होता. पंतोजींनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. 'वाखाणण्यासारखी' आलं तेव्हा पाटलांनी मिशीवर ताव दिला. "तेवढं पुन्हा वाचा." पंतोजींनी पुन्हा वाचलं.

"मदत नको असं लिवलं ना? बराबर लिवलं. सावरखेडवर मागाची पाळी आली नाई अजून."

"छान," पंतोजी म्हणाले. "आता मला याचं उत्तर लिहायचंय. लिहितो की साहेब, आपण पाहिलं ते सोंग होतं. धर्मशाळेत रुई असते. पाटलांनी ती एका दिवसापुरती हलवली आणि पोरं उसनी आणली. नाही तर पुढच्या पौषात साहेब न सांगता आले म्हणजे स्वतःच बघतील."

पाटलाचा चेहरा उतरला.

"असं नका लिवू पंतोजी."

"मग काय लिहू? तुम्हीच सांगा."

नत्थुजी देशमुख गालातल्या गालात हसत होते, आणि तेच पाटलाला सोसवेना. पाटील एकदम उठले. "शेठ, बोरे उचला."

"पाटीलसाब, ऐन हंगामात रुई ठेवू कुठे?"

"माह्या घरात ठेवा! माजघरात ठेवा, देवघरात ठेवा! पन शाळेतून काढा. सरकारनं लिवलं ना शाळा हाये म्हनून. मंग हाये!"

दोन दिवसांत धर्मशाळा रिकामी झाली. पाटलाच्या घरात मात्र चालायला वाट उरली नाही. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पुढचे दोन महिने बोऱ्यांवरून चढून चुलीपाशी जात आणि प्रत्येक चढणीला नवऱ्याचा उद्धार करत. पंतोजींनी सरकारला उत्तर लिहिलं ते एका ओळीचं, 'आज्ञेप्रमाणे शाळा सदर इमारतीत चालू आहे.' हा अर्ज नव्हता, त्यामुळे परत आला नाही.

पोरं हळूहळू रानातून परतली. कोपऱ्यांत अजून रुई उडायची, पाढे म्हणता म्हणता अर्धा वर्ग शिंकायचा. परत आलेल्या पाच अर्जांच्या कोऱ्या पाठीवर पोरं कित्ता गिरवत. सरकारी मदत म्हणून शाळेला मिळाली ती एवढीच. नामंजुरीचा कागद पाटलांनी लाकडी चौकटीत बसवून शाळेच्या दारावर टांगला आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या गावचे सूर्यभान पाटील मुद्दाम पंतोजींना भेटायला आले. त्यांच्याही गावची शाळा कापसाने बाहेर काढली होती. ते हात जोडून म्हणाले, "पंतोजी, तुमाले सरकारचं समदं ठावं हाये म्हनतात. आमाले बी मदतीचा अर्ज लिवून द्या."

पंतोजींनी दारावरच्या चौकटीकडे पाहिलं. जन्मभर सांभाळलेली त्यांची शुद्ध वाणी त्या क्षणी सुटली.

"अर्ज जाऊ द्या चुलीत," ते म्हणाले. "पयले धर्मशाळेले चुना मारा. सायबाले पोटभर पुरनपोळी घाला. अन् त्यानं काय पायजे म्हनून इचारलं, तर काईच नको म्हना!"