अण्णांचं "वोन्ट"

आमचे अण्णा कुलपं दुरुस्त करतात. चाळीस वर्षांत त्यांना हार गेलं नाही असं कुलूप नाही. पण त्यांनी स्वतःचं तोंड एकदा मिटलं, की ते उघडायला कुणाचीच चावी चालत नाही.

माझ्या दादाने परदेशात नोकरी धरली आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. सही-शिक्के होऊन गेल्यावर त्याने फोन करून कळवलं. अण्णांनी ऐकून घेतलं, फोन आईच्या हातात दिला आणि नंतर आठ महिने दादाशी एक अक्षर बोलले नाहीत. आई फोनवर बोलत असली की ते मुद्दाम कानस घासायला घ्यायचे.

नवव्या महिन्यात दादाने आईला सांगितलं, "आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी येतोय." आईने ते अण्णांना सांगितलं. अण्णा "हं" म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून दुकान अर्धा तास आधी बंद करून ते वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे जायला लागले. मला वाटलं, बुद्धिबळ. मग एकदा जेवताना आईने विचारलं, "अजून वाढू?"

"डोन्ट," अण्णा म्हणाले.

"काय?"

"डोन्ट. म्हणजे नको."

"मग नको म्हणा ना! सरळ पानात डोन्ट का वाढताय?"

तेव्हा कळलं. अण्णा इंग्रजी शिकत होते. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता, पण शेजारधर्माला विषयाचं बंधन नसतं. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी बोलणारा माणूस कायम घाईत असतो. तो बोलता बोलता अर्धा शब्द गिळतो आणि गिळला तिथे खूण म्हणून एक स्वल्पविराम वर टांगून ठेवतो. सुनेशी बोलायचं तर पुस्तकातलं नको, रोजचं हवं, म्हणून त्यांनी अण्णांना अशा टांगलेल्या शब्दांची यादीच लिहून दिली. अण्णांनी ती दुकानात शेगड्याच्या वर, म्हणजे ज्यात चावी आवळून धरतात त्याच्या वर, चिकटवली.

गिऱ्हाइकांवर सराव सुरू झाला. एक बाई कपाटाचं कुलूप घेऊन आल्या. "आज होईल का हो?"

"आयल सी," अण्णा म्हणाले. म्हणजे, बघतो.

"आळशी? आळशी कुणाला म्हणता?" बाई कुलूप उचलून निघाल्याच. त्यांना परत बोलवायला मला रस्त्याच्या टोकापर्यंत पळावं लागलं.

इतपत ठीक होतं. पण अण्णांनी माझ्याकडून "काम आहे" म्हणून वहिनीचा नंबर घेतला आणि मधल्या दलालाशिवाय, थेट सुनेलाच संदेश पाठवायचं ठरवलं. आईलाही पत्ता लागू दिला नाही. रोज दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून ते फोन घेऊन बसत आणि वर टांगायचा तो स्वल्पविराम शोधण्यात पाव तास घालवत.

दादा आणि वहिनी ज्या दिवशी पोचायचे होते, त्या सकाळी आईने चादरी बदलल्या, मी दाराशी दहा फेऱ्या मारल्या. अकरा वाजता दादाचा फोन आला.

"आम्ही लॉजवर उतरलोय."

"लॉजवर? का?"

"अण्णांना विचार." त्याचा आवाज चिरकत होता. "माझ्यावर राग आहे, ठीक आहे. तिला कशाला असलं लिहायचं? तिने दोन आठवडे मला सांगितलंसुद्धा नाही, काल विमानात सांगितलं. आणि आता मी अंघोळीला गेलो तर खाली दुकानाचा पत्ता विचारून एकटीच निघालीय, अण्णांच्या तोंडून ऐकायचंय म्हणून!"

मी चपला पायात अडकवून दुकानाकडे धावले.

वहिनी आधीच पोचली होती. उंच, नाकावर उन्हाने लाल झालेली, हातात फोन. अण्णा गल्ल्यामागून बाहेर येऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा मी गेल्या कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका खुलला होता. वहिनीने फोन पुढे करून हळू, सुटं सुटं विचारलं, हे तुम्ही लिहिलं? खरंच?

"यस! यस!" अण्णांनी छातीवर हात ठेवला. "आय वोन्ट यू! मदर ऑल्सो वोन्ट यू! ऑल हाउस वोन्ट यू!"

मी तिच्या खांद्यावरून फोन पाहिला. अकरा इंग्रजी संदेश होते. त्यांचा अर्थ होत होता: तू मला माझ्या घरात नको. मी तुला बघणार नाही. आम्ही कुणीच तुझ्याशी बोलणार नाही. प्रत्येकात तो स्वल्पविराम बरोब्बर जागेवर टांगलेला. बिचाऱ्या अण्णांना म्हणायचं होतं, हवी आहेस. "हवं"साठी मास्तर "वॉन्ट"च सांगत होते, पण त्यांची वरची कवळी सैल, त्यामुळे "वॉ"चा "वो" व्हायचा. अण्णांनी दुकानात येऊन यादीत शोधलं. यादीत "वोन्ट" होताच, टांगलेला, रुबाबदार! यादीत अर्थ लिहिलेले नव्हते, मग तो म्हणजे "नाहीच करणार" हे त्यांना कोण सांगणार?

"अण्णा, थांबा, तुम्ही..."

"तू मध्ये पडू नकोस," अण्णा म्हणाले. "मला येतंय." आणि त्यांनी दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढलं, त्यावरचा पितळेचा चुरा स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत पुसला आणि दोन्ही हातांनी वहिनीपुढे धरलं. "आय वोन्ट यू सिट!"

वहिनीने स्टुलाकडे पाहिलं. सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं. मग अण्णांच्या चेहऱ्याकडे. आणि बसली.

तिने गल्ल्यावरची पेन्सिल घेतली, एका पाकिटावर "वॉन्ट" आणि "वोन्ट" असे दोन इंग्रजी शब्द लिहिले. एकाखाली उघडं दार काढलं, आत हात पसरून उभा असलेला माणूस. दुसऱ्याखाली बंद दार आणि बाहेर पडलेली बॅग. मग पाकीट अण्णांपुढे सरकवलं.

अण्णांनी चष्मा लावला. बोट स्वल्पविरामावर ठेवलं, तिथून खाली घसरवत बंद दारावर आणलं. तिथेच राहिलं ते.

"अकरा वेळा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "अकरा वेळा हाकललं गं मी तिला."

वहिनीला शब्द कळले नसतील, पण ती फसकन हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं आणि तिने अण्णांचा काळा, तेलकट हात धरला तो सोडेचना. तेवढ्यात ओल्या केसांनी दादा येऊन ठेपला, भांडायच्या तयारीत. दारातच थबकला.

"मला वाटलं, तुम्ही अजून रागावलाय," तो सगळं ऐकल्यावर म्हणाला.

"रागावलो होतोच," अण्णा म्हणाले. "राग गेल्याशिवाय या वयात इंग्रजी शिकतो का माणूस?" मग जरा थांबून, "जेवलास का?"

इतक्या महिन्यांनी बापलेकांचं झालेलं बोलणं ते एवढंच. दादाने नाक ओढलं आणि लॉजवरून बॅगा आणायला गेला.

संध्याकाळी अण्णा जाब विचारायला वर गेले. मास्तर मुळीच नमले नाहीत. "मी वोन्टच सांगितलं होतं, वोन्ट नाही!" असं त्यांनी तीनदा ठणकावलं. तिसऱ्यांदा कवळी टेबलावर पडली, तेव्हा वाद मिटला.

पंधरा दिवस वहिनी आमच्याकडेच राहिली. अण्णा तिच्याशी जपून बोलत, एकेक शब्द तपासून, म्हणून दिवसाकाठी त्यांची चारच वाक्यं व्हायची. आई मात्र सकाळपासून तिच्याशी मराठीत बोलत सुटायची, गुडघेदुखीपासून दादाच्या लहानपणापर्यंत. वहिनी इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघी एकमेकींचं ऐकून माना डोलवायच्या आणि मधूनच खिदळायच्या.

"तुला काही कळतं का गं ती काय म्हणते?" मी आईला विचारलं.

"अक्षर नाही," आई म्हणाली. "मी काही शिकायलाच गेले नाही. म्हणून तर आमचं अजून एकदाही बिनसलं नाही."