खिडकीतली शाळा

दलालाने घड्याळ पाहिलं आणि आवाजात साखर घोळवली. "ताई, दुसरं कुटुंब जिना चढतंय. हो असेल तर आत्ताच सांगा. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका."

आई खिडकीपाशी उभी होती. रस्ता ओलांडला की शाळा, कोपऱ्यावर वाचनालय, तळमजल्यावर दवाखाना, मागे बाग. देवापुढे पदर पसरला असता तरी एवढं सगळं एकदम मागायची तिची छाती झाली नसती.

"अहो, बोला की काहीतरी."

नवरा सुतार. तो भिंतीला टेप लावून बसला होता. "कपाट बसतंय. बाकीचं बिट्टीला विचार. शाळेत तिला जायचंय, कपाटाला नाही."

आठ वर्षांची बिट्टी अडखळत बोलायची. शब्द ओठांच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथेच फतकल मारायचा. आई रेडिओवर निवेदिका. तिथे शांतता म्हणजे गुन्हा. आवाज क्षणभर थांबला की वरून फोन खणखणतो. तीच सवय घरी आलेली. लेकीचा शब्द अडला की आई तो पुरा करून टाकायची, पडत्या लेकराला हात द्यावा तितक्या मायेने. सकाळी समोरच्या शाळेतही प्रश्न बिट्टीला आणि उत्तरं आईची. मोठ्या बाई खूश होऊन म्हणाल्या होत्या, "इथे राहायला या, प्रवेश झालाच समजा."

"बिट्टे, आवडलं ना घर?"

"म... म..."

"मोठी खोली हवी? तुलाच देऊ."

बिट्टीने नकारार्थी मान हलवली.

"मग मैत्रिणी..."

"अगं," नवरा हळूच म्हणाला, "तिचं ताट वाढतेस आणि घासही तूच खातेस. थांब जरा."

जिन्यात पावलं वाजली. दलाल खाकरला. आईच्या घशाशी दहा वाक्यं येऊन उभी होती. देवा, तिने मनात हात जोडले, माझ्या जिभेवर बस आणि काही झालं तरी उठू नकोस.

"म... मला पु... पुलापलीकडच्या शाळेत जायचंय."

पुलापलीकडे! काल पाहिलेलं ते घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बस आली तर आली, दवाखाना देव जाणे कुठे.

"का गं?"

दारावरची बेल वाजली. कुणी हललं नाही.

"त्या बाई... थ... थांबल्या होत्या."

आईला आठवलं. काल त्या शाळेत ऐन वेळी स्टुडिओतून फोन आला म्हणून ती व्हरांड्यात गेली होती. वर्गात त्या बाईंसमोर बिट्टी एकटीच होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"नाव," बिट्टी म्हणाली. "म... माझं मी."

बेल पुन्हा वाजली. "ताई?" दलाल म्हणाला.

आईने खिडकीकडे एकदा पाहिलं. शाळेच्या अंगणात मुलं धावत होती. मग तिनेच जाऊन दार उघडलं. बाहेरच्या जोडप्याला म्हणाली, "या. घर छान आहे. दवाखाना खालीच आहे."

दलालाचा आ वासलेलाच राहिला.

"त्या जिन्यातून कपाट चढायचं नाही," टेप गुंडाळत नवरा पुटपुटला.

"मग कापा. सुतार कशाला केलाय नवरा?"

उतरताना बिट्टीने तिचा हात ओढला. "आई, आ... आपण..."

आई जिन्यात थांबली. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. तोंड मिटून.