बोलायच्या आधी काढलेलं जावळ

आंदिजच्या पठारावर जूनमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, असं हिव पडतं, की रात्री उघड्यावर पसरलेले बटाटे सकाळी दगड होतात. उन्हं वर आली की ते अनवाणी तुडवायचे, पाणी काढायचं, वाळवायचे आणि वर्षभर खायचे. हिलारिया आणि तिची सासू फोर्तुनाता तेच करत होत्या. पाय बधिर झाले होते. म्हातारीची जीभ मात्र काही केल्या गारठत नव्हती.

"बग तुजी लेक. पाच वर्सांची घोडी झाली, आजून आय म्हनंना."

नायदा कडेला बसून बटाट्यांची ओळ लावत होती, काळे एकीकडे, जांभळे एकीकडे. हाक मारली तरी वळायची नाही. ओळ कुणी मोडली तर डोकं भुईवर आपटायची.

"बोलायच्या आदी जावळ काढलंस. वाचा जाईल न्हाईतर काय हुईल?"

"उवांनी डोस्कं सडलं व्हतं तिचं, आत्याबाई."

"मग सडू द्यायचं."

पोर बोलायला लागल्यावरच पाहुणे बोलावून जावळ काढायचं, ही गावची रीत. हिलारियानं दीड वर्षाच्या पोरीला कात्री लावली आणि जन्माची गुन्हेगार ठरली. नवरा हेच ऐकून ऐकून खाणीवर गेला, तो फिरकलाच नाही. भगतानं पोरीचं झबलं हलवत डोंगराकडे तिच्या हरवलेल्या जिवाला परत यायला हाका मारल्या, त्यानंही काही झालं नाही. खरं सांगायचं तर आपणच पोरीचं वाटोळं केलं, हे हिलारियालाही पटलं होतं.

त्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात मुलांची डॉक्टरीण आली. सून खरं लपवील म्हणून म्हातारीही सोबत गेली.

डॉक्टरीणबाईंनी दोन तास नायदाला खेळवलं, न्याहाळलं. बोट दाखवून काही मागते का, नजरेला नजर देते का, आवाजानं कान झाकते का, सगळं विचारलं. शेवटी हिलारिया मान खाली घालून म्हणाली, "बाई, म्या तिचं जावळ लवकर काढलं."

"केसांनी काही होत नाही. याला ऑटिझम म्हणतात. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. तुमची काही चूक नाही. औषधानं हे जाणार नाही, पण चित्रं दाखवून, खेळवून शिकवलं तर काय हवं-नको ते सांगायला शिकेल. दर मंगळवारी आणा."

हिलारियाला रडू आवरेना.

"कधीकधी रक्तातून येतं. घराण्यात आणखी कुणी होतं असं?"

"न्हाई जी," हिलारिया म्हणाली.

"व्हता," म्हातारी भिंतीकडे बघत बोलली. "माजा थोरला, सिरिलो. दगडांच्या वळी लावायचा. आमी कोंडून ठेवायचो त्येला. येकदा हिवात भाईर पडला, सकाळी घावला."

दहा वर्षं त्या घरात नांदून हिलारियाला असा दीर होता हे ठाऊक नव्हतं. तिनं डोळे पुसले.

"त्येचं जावळ कवा काढलं व्हतं, आत्याबाई?"

"काढलंच न्हाई. आज बोलंल, उद्या बोलंल म्हनून वाट बगितली. नऊ वर्सांचा झाला. क्यास कमरंपातुर आलं व्हतं. तसाच पुरला."